प्लगचा रंग

गौसभाईनं कार्बोरेटरमधून जेट काढला,
फुंकर मारून उन्हाकडं धरला.
"बगा, किती मोठं भोक."
मला दिसलं नाही.
मी चष्मे विकतो. सेलू, मानवत, पाथरी, जिंतूर,
ज्या गावचा बाजार त्या गावी,
मारुतीच्या डिकीत अडीचशे फ्रेमा
आणि अक्षरांचा एक तक्ता.
दिसलं नाही, असं कसं सांगणार?

वायरीतून त्यानं तांब्याचा एक केस उपटला,
भोकातून ओवला, दोन्हीकडं दुमडला.
"झालं. आता घोट-घोटच मिळंल हिला.
बाकी हवा. हवेला कुठं पैसे पडतेत?"

डायरीत आकडे चढत गेले:
चौदा. सोळा. वारा मागून असला तर साडेअठरा.
बायकोनं विचारलं, वाचले किती?
म्हटलं, साडेअठरा.
तिला रुपये हवे होते.
मी पुन्हा गेलो, दुसरा केस ओवायला.
गौसभाई उगं राहा म्हणत होता,
मी वीस म्हणत होतो.

जिंतूरच्या चढाला ती बोलायला लागली,
बारीक, आतून, डब्यात खडे हलवावेत तशी.
दुसऱ्यात टाकली. पाय दाबला
तर पुढं जायचं सोडून दचकली,
मागं फाटकन बार काढला, आणि थांबली.
शेळ्या वळणारी एक बाई म्हणाली,
"पाणी पाजा की तिला."
पाणी भरपूर होतं.

टो करून आणली. गौसभाईनं प्लग तळहातावर ठेवला.
काळा निघाला तर गाडी खादाड,
विटकरी निघाला तर सुखी.
हा पांढरा होता, चुन्यात बुडवून काढल्यासारखा,
टोकाला वितळून बसलेले बारीक मणी.
मी खिशातलं भिंग काढून दिलं.
त्यानं ते न वापरताच परत केलं.
"काच वाचावी म्हणून
कमी नंबराचा चष्मा देता का हो गिऱ्हाइकाला?"

एक केस काढला. एक मी राहू दिला.
सतरा पडतंय आता, कधी साडेसोळा.
काढलेला केस डायरीत चिकटवलाय,
वीसच्या पुढं, जिथं आकडा लिहायचा राहिला.

त्या रात्री तक्ता स्वैपाकघराच्या भिंतीला लावला,
सहा पावलं मोजली, एक डोळा झाकला.
सगळ्यात खालची ओळ
मला तोंडपाठ आहे.
इतकी वर्षं मी तीच वाचत होतो.