कऱ्हा एअरवेज

पहिल्यांदा बुडाले ती अकरा दिवसांत.
थेट लंडन घेतलं होतं,
कर्जावर चारशे सीटचं विमान,
कारण चित्रात ते देखणं दिसत होतं.
दुसऱ्यांदा सहा दिवस पुरले.
भेकराईनगरच्या दोन खोल्यांत
मी फोनच्या उजेडात दिवाळं काढत होते
आणि लोहगावला उतरणारी खरी विमानं
कुणाच्या तरी हिशेबात नीट बसत होती.

अण्णांनी खाटेवरून विचारलं,
"गाडी भरती का तुझी?"
अर्धी, म्हटलं.
"मग एवढी मोठी कशाला? वऱ्हाड न्यायचंय?"

अण्णांनी अठरा वर्षं सहाआसनी चालवली,
हडपसर गाडीतळ ते सासवड.
म्हणायची सहाआसनी, बसायचे अकरा,
बारावा ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून.
विमानात ते कधी बसलेले नाहीत.

तिसरी कंपनी आम्ही दोघांनी काढली.
नाव त्यांचं. विमान जुनं,
सत्तर सीटचं, पुढे पंखे असलेलं.
"पंख्याचं बरं. डिझेल कमी खाईल."
विमान डिझेलवर चालत नाही, हे मी सांगितलं नाही.
धावपट्टी हवाई दलाची, वेळा ते देतील त्या,
हे मात्र सांगितलं.
"हप्ता नाही ना मागत? मग चालतंय."

उभी गाडी खाती, पळती गाडी कमावती,
एवढं एकच वाक्य घेऊन
आम्ही पुणे-हुबळी पुणे-हुबळी करत राहिलो,
उतरलं की अर्ध्या तासात परत वर.
थांबायचं फक्त ग्रीसिंगला.
दिल्लीकडे बघायचंसुद्धा नाही:
"तिथं सगळ्यांचे नंबर लागल्यात, भाडं पाडून पाडून मरशील.
सोनोरीला कोण जायचं? मी एकटा."
एकदा तिकीट दोनशेनं वाढवलं,
तर पाठ फिरवून झोपले.
दोन रुपयांसाठी दिवेघाट पायी चढलेली माणसं
त्यांनी आरशात बघितली होती.

पहिला नफा आला तेव्हा
मला कंपनीचं ऑफिस मोठं करायचं होतं, काचेचं.
"टायर घे," म्हणाले.
गेममध्ये टायर नसतात.
मी दुरुस्तीच्या खात्यात पैसे टाकले
आणि त्याच आठवड्यात इंजिन गेलं.
ते काही बोलले नाहीत. मिशीत हसले असावेत,
अंधारात दिसलं नाही.

चाळीस दिवस आकडे हिरवे.
फक्त नांदेडची रात्रीची फेरी लाल,
सत्तर सीटला नऊ माणसं.
बंद करा, असं गेमच सांगत होता.
केली.

सकाळी चष्मा लावून नकाशा बघताना,
"नांदेडची रेघ कुठं गेली?"
तोट्यात होती अण्णा. नऊच जण यायचे.
चहावर साय धरली तरी ते गप्प.
मग म्हणाले,
"साडेदहाची शेवटची खेप.
कुसाळकर सिस्टर असायच्या, ससूनची ड्युटी संपवून.
एकट्या. पाच वर्षं."
मग?
"मग काय. एका सीटवर घाट चढायचा."
परवडायचं?
"नाही. म्हणून तर दुपारी बारावा बसवायचा."

लहानपणी मला त्या बाराव्याची लाज वाटायची.
शाळेतल्या मुली त्याच गाडीनं यायच्या.

मी रेघ परत ओढली.
हुबळीच्या दुपारच्या विमानात
दोन रांगा जास्तीच्या टाकल्या,
लोकांचे गुडघे जवळ आले,
समाधानाचा आकडा थोडा घसरला.
नफाही घसरला. असू दे.

आता रात्री साडेदहाला अण्णा फोन मागतात.
विमानाचा ठिपका नांदेडला टेकेपर्यंत
त्यांना झोप येत नाही.
काल वरून एक विमान गेलं,
एवढं खाली, की भांडी वाजली.
मी वर बघितलं.
त्यांनी मान हलवली, बोट ठिपक्यावर.
"आपलं नव्हं.
आपलं अजून बीडवर आहे."