एकशे त्रेपन्न

निवतीच्या पुळणीवर रापण ओढून झाली
की माझं काम सुरू:
बांगडा फळीवर, तोंड खिळ्याला टेकलेलं,
शेपटीच्या बेचक्यापर्यंत माप.
एकवीस पूर्णांक चार. एकोणीस पूर्णांक आठ.
तीस नग, एक नमुना.
तीस नगांवरून मी अख्ख्या दर्याबद्दल बोलते,
मार्चअखेर, तक्त्यांसकट.

ऋजुता पुण्याहून आलीय
लिलावाचं मॉडेल बांधायला.
टोपलीमागे भाव, भावामागे अपेक्षा.
"बाकी सगळं स्थिर धरू," ती म्हणते,
आणि तिच्या टाचेखालची वाळू
लाट हळूच काढून नेते.

फादर इनास वेंगुर्ल्याहून स्कूटरवर येतात,
सकाळची मिस्सा आटोपून, विजार दुमडून,
पेडवे घ्यायचं निमित्त करून.
त्यांचा प्रबंध तेवीस वर्षं अपुरा आहे
एका आकड्यापाशी.
योहानाच्या शेवटच्या अध्यायात
रात्रभर रिकामे राहिलेले सात जण
पहाटे होडीच्या उजवीकडे जाळं टाकतात,
आणि मोठे मासे निघतात, एकशे त्रेपन्न.
दीडशे नव्हे. पुष्कळ नव्हे.
एकशे त्रेपन्न.

"कुणी म्हणालं, जगात माशांच्या जातीच तेवढ्या.
कुणी एकपासून सतरापर्यंत बेरीज केली.
कुणी अक्षरांना आकडे दिले
आणि हवं ते नाव काढलं.
प्रत्येक चावी फिरते," फादर म्हणाले,
"कुलूप आहे का, तेवढंच कळत नाही."

ऋजुता हसली. तिच्याकडेही आहे
दहा हंगामांना तंतोतंत बसलेलं समीकरण,
अकराव्याच्या पहिल्याच लिलावात बुडालेलं.
मी गप्प राहिले.
माझ्या फाइलीत एक ठिपका आहे
रेषेपासून फार लांब.
अहवालात मी त्याला
'नोंदीतील चूक' म्हटलं.
तो बांगडा मी स्वतः मोजला होता.

द्वारकाबाय खवणेकर वाटे घालत होती.
योहान कोण, तिला ठाऊक नाही.
मान वर न करता तिनं विचारलं,
"माणसां किती व्हती?"
सात.
"व्हडी?"
एक.
"आणि जाळा फाटला?"
फादर चमकले. तेही लिहिलंय खास:
इतके मासे, तरी जाळं फाटलं नाही.
"मगे सात वाटे माणसांचे,
एक व्हडयेचो, एक जाळ्याचो.
नव वाटे. सतरा-सतरा.
मोजल्याबिगर वाटतले कशे?
ह्याच्यात इतक्या काय आसा?"

फादरांनी ओल्या वाळूत बोटानं भागाकार मांडला.
बाकी शून्य.
सतरा पाहून जरा हसले,
मग बराच वेळ उकिडवेच राहिले.
तेवीस वर्षं, आणि चौथीतलं गणित.

पण माझी खोड जात नाही:
"तिकडे जाळ्याला वाटा देत, हे कुठं लिहिलंय?"
"नाही लिहिलं."
"आणि विस्तवावर आधीच मासळी होती ना?" ऋजुता म्हणाली,
"ती धरायची की नाही?"
"फार छान जुळतंय," फादर उठत म्हणाले,
"म्हणून तर भीती वाटते."
लाटेनं शून्य पुसलं. नंतर सतरा.
वरचा आकडा थोडा टिकला.

द्वारकाबायचं इकडे लक्ष नव्हतं.
तिचे वाटे घालून तीन बांगडे उरले होते,
कुणालाच पुरे न पडणारे.
एक तिनं दोराच्या टोकाला लोंबकळलेल्या पोराला दिला.
एक फादरांच्या पिशवीत टाकला.
तिसरा माझ्या फळीवर:
"घे. ह्यो मोजतलीचो वाटो."

असा वाटा असतो, हे मला माहीत नव्हतं.

रात्री तळण्याआधी
सवयीनं तो मोजला.
बावीस पूर्णांक एक.
एकतिसावा.
कुठंच लिहिला नाही.