ना हरकत

मी, काशिनाथ हरी भोईर, वय एकसष्ट,
राहणार गोठिवली गावठाण,
लिहून देतो की –

इथवर नोटरीच्या पोरानं भराभर टाईप केलं,
मग मान वर केली. "काका, घर नंबर?"
घर नंबर नाही. कधीच नव्हता.
देवळामागं भोईरांचं घर, विचारलं की कुणीही दाखवतं.
"कुणीही" त्या रकान्यात बसेना.
म्हणून लाईट बिल काढलं, तर ते बाबांच्या नावावर.
त्यांना जाऊन बावीस वर्षं झाली,
दर महिन्याला वीज अजून तेच जाळतात.
आता वारसाचं वेगळं प्रतिज्ञापत्र,
आणखी एक पाचशेचा मुद्रांक.

पोरगी तिकडं तिबिलिसीला,
डोंगराच्या उतारावर एक खोली घेऊन.
तिथला धंदा तिनं तासाभरात उभा केला म्हणे :
एक खिडकी, एक बाई, एक शिक्का,
बाहेर येऊन चीज घातलेला गरम पाव खाल्ला.
पण पुण्याची कंपनी अडून बसली,
इथला नंबर द्या, तरच बिल पास.
म्हणून इथला पत्ता. म्हणून मी.

काम काय करते?
यंत्राबरोबर येते ना ती पुस्तिका,
कुणी उघडत नाही ती,
ती लिहिते.
मागच्या मंगळवारी रात्री अकराला फोन :
"बाबा, पंपाचा ग्लँड किती आवळायचा?
साध्या भाषेत सांगा."
चौतीस वर्षं मी ठाणे-बेलापूर रोडवर पंपच सांभाळले.
म्हटलं, बाय, पूर्ण आवळायचा नाही.
मिनिटाला दहा-बारा थेंब गळू द्यायचे.
गळणं बंद केलंस की दांडा तापतो,
दोरी जळते, पंप बसतो.
तिकडून टकटक ऐकू येत होती.
"थेंब लिहू की ठिबक?"
थेंब लिही.
मग दोघंही गप्प.
हल्ली बोलणं फुकट असतं, तरी फोन ठेवला.

हरकत होती.
कुठं लिहून दिली नाही, पण होती.
ऐरोलीची पगाराची नोकरी सोडली तेव्हा होती.
"तिथं कुणाकडं राहणार?"
"कुणाकडं नाही, बाबा. माझ्याकडं."
त्या दिवशी तर मी जेवणच सोडलं,
एक वेळचं.

तशी हरकत आमच्या घरात नवी नाही.
जमिनीची नोटीस आली होती,
हरकती असल्यास तीस दिवसांत कळवाव्यात,
तेव्हा बाबा ठाण्याला जाऊन अंगठा देऊन आले.
हरकतीला नंबर पडला. पावती मिळाली.
आमच्या खाचरावर आज बावीस मजले आहेत,
लिफ्टसकट.
पावती ट्रंकेत आहे, घडी मोडलेली नाही.

"काका, सही."
ना हरकत. दोन शब्द, मधे मोकळी जागा.
केली.
भोईरमधला भ जरा हलला.

तळमजल्याची खोली रिकामी करून घेतली,
ओडिशाचा भाडेकरू भला होता, महिना साडेसात हजार देत होता.
रंग मारला. बाहेर बोर्ड लावला :
हेमांगी भोईर, तांत्रिक लेखन.
बोंबील घेऊन जाणारी देवका थांबली,
अक्षरांकडं बघत राहिली.
"काय इकतस रं काशा?"
काय सांगू? म्हटलं, माहिती.
"तिला गिऱ्हाईक हाय?"
पाटी डोक्यावर घेऊन गेली ती.

एकोणिसाव्या दिवशी तपासणीला साहेब आला.
बोर्डाचा फोटो, दाराचा फोटो,
मग मला टेबलामागं बसवून फोटो.
"मालक कुठंयत?"
बाहेर गेलीय.
"कधी येतील?"
साहेब, पाणी घ्या, म्हटलं.

नंबर आला. पंधरा आकडी-अक्षरी, तिनं वाचून दाखवला,
मी कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवलाय.

खोली रोज दहाला उघडतो.
टेबल पुसतो, पंखा एकवर ठेवतो.
कुणी येत नाही.
एक ते तीन जेवायला बंद.