जिभेवर तांबं

सहा वर्षं झाली, सांगलीच्या मार्केट यार्डात
सौद्याआधी बेदाणा चाखते मी.
गंधकाची धुरी जास्त झालेला,
रॅकवर पावसात सापडलेला,
डोळे मिटून सांगते,
आणि गजबर पेटीवर खडूनं आकडा मारतो.

परवा मिटले डोळे. दाणा चावला.
तांब्याचा पैसा चोखल्यासारखं काहीतरी.
दुसरा. तेच.
तासगावचा माल आणि जतचा माल
एकाच न घासलेल्या लोट्यातून प्यायल्यासारखे.
"ताई, आकडा?"

गोळ्यांचा पाचवा दिवस. चौदातला पाचवा.

मिरजेच्या दवाखान्यात आधी साखरपाणी पाजलं होतं,
मग दर वीस मिनिटांनी पिशवीत फुंकायचं.
नऊ पिशव्या. माझ्याच श्वासाचे नऊ नमुने,
ताटल्यांतल्या बेदाण्यासारखे ओळीनं मांडलेले.
डॉक्टर मगदूम कागद बघून म्हणाले,
लहान आतड्यात नको तेवढी वस्ती झालीय जंतूंची,
आणि तुम्ही त्यांना दिवसभर बेदाणा घालताय.
चाखा, पण थुंका.
यार्डात, चार आडत्यांसमोर, थुंकायचं कुठं
ते नाही सांगितलं.

दीड वर्ष दुपारी चारला
आठव्या महिन्यासारखं तटतटायचं पोट.
एसटीत दोनदा कुणी उठून जागा दिली.
दोन्ही वेळा मी बसले.

कांदा बंद, लसूण बंद, गहू बंद.
सासूबाईंनी यादी चष्मा लावून दोनदा वाचली.
"बावीस वर्षं मी हेच सांगतेय.
माझी फी नव्हती म्हणून ऐकलं नाहीस."

मळमळीवर शेजारीण म्हणाली, आलं चघळ.
आमच्याकडे जमिनीखालचं चालत नाही.
मग सुंठ. वाळली की चालते.
कोमट पाण्यात चिमूटभर, गोळीआधी अर्धा तास.
नेमकं काय बदलतं वाळल्यावर, विचारलं नाही कधी.
पण उमाळा खाली बसतो.

तिसरी गोळी रात्री नऊला, भरल्या पोटी.
आमची ताटं दिवे लागायच्या आत घासून पालथी.
पहिल्या रात्री तशीच गिळली
आणि साडेदहापर्यंत न्हाणीच्या फरशीवर बसून राहिले,
गार नळाला कपाळ लावून.
दुसऱ्या रात्री ओट्यावर वाटीभर मऊ भात, वर झाकण.
"आजाऱ्याला सूर्य नसतो," सासूबाई म्हणाल्या,
आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं,
बघायला लागू नये म्हणून.

सौद्याच्या वहीत मागच्या पानावर लिहिते:
तारीख अकरा, लघवी गडद. फोन केला.
म्हणाले, गोळीचा रंग, पाणी वाढवा.
तारीख बारा, डोकं. दुपारी वीस मिनिटं पेट्यांमागे आडवी.
तारीख तेरा, चमचा लाकडी घेतला, बरं वाटतं.
बोटांना मुंग्या आल्या तर लगेच कळवा म्हणालेत.
आल्यासारख्या वाटल्या.
बेदाण्याचा चिकटा होता. धुतला, गेल्या.

आणि एक, वहीत न लिहिलेलं.
पाठशाळेत शिकवलं होतं,
सुईच्या टोकावर मावतील एवढ्या जागेत अनंत जीव.
गोळी जिभेवर ठेवली की ते आठवतं.
वर्षातून एकदा घरोघरी जाऊन म्हणतो आम्ही, उत्तम क्षमा.
मी सध्या दिवसातून तीनदा म्हणते, मनात,
पाण्याचा घोट घ्यायच्या आधी.
त्यांनी काय करावं?
जागा दिसली, राहिले. गोड मिळालं, खाल्लं.

"ताई, आकडा?"
म्हटलं, गजबर, आज तू चाख.
गजबरला दोनच चवी ठाऊक, गोड आणि लई गोड.
त्यानं डोळे मिटले, अगदी माझ्यासारखे,
बराच वेळ चावला,
आकडा मारला, पुढं बारीक प्रश्नचिन्ह काढलं.

माल गेला. भाव पडला नाही.
मला थोडं वाईटच वाटलं.