निसार

धनशेट्टींच्या पेढीवर काटा माझ्याकडे.
सोनं असो की मोड, मी आकडा सांगतो.
पुढचं मालक बोलतात.

विडीचा कारखाना सुटल्यावर नरसम्मा बोधुल आली.
पदराच्या गाठीत नखाएवढं रुपं,
त्याला डागलेली कडी, कडीत काळा दोरा.
"वजन किती भरतं बघा, अण्णा.
पोरीची परीक्षा फी भरायचीय."

दोन ग्रॅम सातशे.
मोडीच्या भावात गॅसची अर्धी टाकीही येत नाही.

बाकावर बशीर नालबंद बसलेले. एसटीतून निवृत्त,
एका खिशात भिंग, दुसऱ्यात खारे शेंगदाणे.
त्यांनी भिंग लावलं
आणि त्यांचा चहा निवत गेला.

"असीरगड घेतला तेव्हा मोहरेवर ससाणा बसवला होता.
पुढे एकाला महिन्यांची नावं पुरेनात, त्यानं राशी उठवल्या,
मेंढा, विंचू, सिंह.
पण हे ससाण्याचं नाही, राशीचंही नाही.
बाजारातसुद्धा चालवायचं नव्हतं हे, बाई.
हे उधळायचं."

कशापायी उधळलं? सन झिजून गेलाय.
शहजादा झाला असेल,
बादशहाचा ताप उतरला असेल,
नाहीतर कुणाचा किल्ला पडला असेल
आणि त्याच गावातून मिरवणूक निघाली असेल.
मला आपला भुईकोटाचा दरवाजा दिसला,
हत्ती, तबकं, मूठ मूठ चांदी,
आणि खाली धूळ, कोपरं,
कुणाच्या टाचेखाली कुणाची बोटं.
तवारिखीत हत्तीचं नाव सापडेल एखाद वेळी.

"लिहिलंय काय पण?"
"निसार." बशीरभाई अडले. मराठी शब्द शोधत राहिले.
"म्हणजे... ओवाळून टाकलेलं."

नरसम्मा हसली, पिवळी बोटं तोंडावर धरून.
"अय्यो! ओवाळलेलं तिकटीवर टाकतात,
वळून बघायचं नसतं म्हणतात.
आणि आमच्यात जन्मलं लेकरू की
कमरेला हेच!
माझ्या, आईच्या, आईच्या आईच्या.
दृष्ट लागू नये म्हणून."

बशीरभाईंनी जो भाव सांगितला
त्यावर मालकांनी चष्मा काढला.
"कडी नसती तर आणखी दिले असते.
डागाखाली बादशहाचं नाव बुजलंय."
"बुजू द्या," ती म्हणाली. "कडी नसती तर हरवलं असतं."

नोटा तिनं दोनदा मोजल्या.
दोरा तेवढा सोडवून घेतला.

बशीरभाईंची एक वही आहे, आखलेली.
धातू, वजन, टांकसाळ, आणि शेवटी 'प्रसंग'.
टांकसाळीपुढे त्यांनी प्रश्नचिन्ह काढलं.
प्रसंगापाशी पेन थांबलं.
"किती लेकरांच्या कमरेला होतं, सांगता येईल?"

ती मोजू लागली, विड्या मोजतात तशी,
ओठ हलवत, अंगठा पेरांवरून सरकवत.
एका नावाशी अडखळली,
ते पोर जगलं नव्हतं.
मोजावं की नाही?
मग पुन्हा पहिल्यापासून.