नक्कल

सावईवेऱ्याहून फोंड्याला दोनदा जाऊन आलो,
एका डिस्कमधलं दुसऱ्या डिस्कमध्ये न्यायचं म्हणून.
एवढंच काम. उचलायचं, ठेवायचं.
चाळीस वर्षांची कालोत्सवाची नाटकं,
कॅसेटींवरून भाच्याने फायलींत घातलेली.

संगणक म्हणतो, उरले तीन तास.
मग एकोणीस तास. मग चार मिनिटं.
मग बराच वेळ चार मिनिटंच,
कदंबच्या कंडक्टरसारखं: "आतां सुटता, आतां सुटता."

कुळागरात पंप सुरू झाला की वीज डोळा मारते
आणि सगळं पहिल्यापासून.
कुठवर पोचलं होतं
ते मलाही ठाऊक नाही, त्यालाही नाही.

सेवेरिनच्या दुकानात मी गाऱ्हाणंच घातलं:
थांब म्हटल्यावर थांबणारं हवं.
थांबलं तिथूनच उठणारं हवं.
एखादी फाईल आजारी असली तर तिच्यापायी
बाकीच्यांना दारात ताटकळत न ठेवणारं,
आणि शेवटी दोन्हीकडचं ताडून पाहणारं.
सेवेरिन हसला.
"सर, तुमकां सॉफ्टवेअर जाय
काय जांवय?"

तीन उतरवून पाहिली.
एक दर पाच मिनिटांनी पैसे मागे.

रात्री झोप नाही, तेव्हा सगुणबाब आठवला.
देवळाच्या अग्रशाळेत चटईवर बसून
तो सगळ्यांच्या नकला उतरवायचा.
राजाची जाड, दूताची अर्ध्या पानाची.
आधीच्या वाक्याची शेपटी लाल शाईत,
आपली वेळ कधी आली ते कळावं म्हणून.
पेजेची हाक आली की ओळीखाली पेन्सिलीची रेघ,
परत आला की रेघेपासून पुढे.
मग बायकोला समोर बसवायचा.
ती मूळ वाचायची, हा नक्कल.
एक 'परंतु' राहिला म्हणून
अख्खं पान फाडलेलं मी पाहिलंय.

आणि एकदा 'वेग'चा 'मेघ' झाला, तो तसाच गेला.
मोहनदासाने मेघ पाठ केला,
गावाने मेघ ऐकला,
आता कुणी वेग म्हणेल तर लोक हसतील.

चौथं सॉफ्टवेअर सापडलं.
राखाडी, कुरूप, कुणीतरी एकट्यानेच लिहिलेलं असावं.
वीज दोनदा गेली, ते दोनदा रेघेपासून उठलं.
मग मध्यरात्री त्याने विचारलं:
या नावाची फाईल इथे आधीच आहे.
बदलू? वगळू? दोन्ही ठेवू?

अंक तिसरा. दोन्हीकडे अंक तिसरा.
एक ऐकला: मोहनदास आमोणकर, तोच मेघ.
दुसरा ऐकला: त्याचा मुलगा.
बापाच्याच वहीवरून, बाप गेल्यावर, दोन महिन्यांत पाठ केलेलं.
बाप जिथे खोकायचा
तिथे हा थांबतो.
वहीत तर खोकला लिहिलेला नव्हता.

दोन्ही ठेव म्हटलं.

पहाटे काम संपलं. ताडून पाहणंही संपलं.
एक फाईल जुळत नाही म्हणतोय.
नाव सांगतोय, कितव्या साली ते सांगतोय,
नेमकं काय राहिलं ते मात्र सांगत नाही.
चहा ठेवलाय.
अजून उघडलेली नाही.