दगडासकट

परतवाड्याच्या जिनिंगवरचा धर्मकाटा
रात्री दहानंतर रिकामा असतो.
तिथे मी आमचं मळणीयंत्र चढवलं,
ट्रॅक्टर सोडवून बाजूला घेतला.
काटेवाल्या भोजराजने खिडकीतून चिठ्ठी सरकवली:
एक हजार तीनशे ऐंशी.
दहा हंगाम मी त्याला
‘असेल टनभर’ म्हणत आले होते.

अमरावतीच्या शोरूममधला पोरगा म्हणाला,
मॅडम, ही गाडी दीड टन हसत ओढते.
मी विचारलं, हसते तेव्हा
डाला रिकामा असतो का?
रस्ता सपाट?
ड्रायव्हर एकटा, तोही तुझ्यासारखा काटकुळा?
त्याने पुस्तिका उलटी केली.
शेवटच्या पानावर, मुंगीच्या अक्षरांत,
नेमकं तेच छापलेलं.

घरी येऊन वही काढली,
जिच्यात गावोगावची पोती लिहिते तीच.
पट्टे, चाळण्या, पान्यांची पेटी: एकशे दहा.
डिझेलचे दोन कॅन: साठ.
सोमजी कासदेकर, जेवायच्या आधी: बावन्न.
मी: (इथे खाडाखोड आहे) एकाहत्तर.
पाठीवर घ्याल ते
मागे ओढायच्यातून वजा,
हे कळायला मला
एक अख्खं पान लागलं.

दिराला छतावर दिवे असलेली हवी होती,
एकशे चाळीस घोड्यांची, लाल.
जावेचं म्हणणं, सीएनजी घ्या, स्वस्त पडेल.
स्वस्त खरीच,
पण तिचे पंप घाटाच्या अलीकडे संपतात
आणि आमचं काम पलीकडे सुरू होतं.

कादरमिस्त्रीने बोनेटवर चहा ठेवला.
“घोडे कायले मोजतं बाई?
घोडे पयतात. तुले कुठी पयाचं हाय?
तुले सेमाडोहाच्या वर चढाचं हाय.
कमी फेऱ्यात इंजिन किती जोर देते, ते पाय.
अठराशेवर दम असन तं घे.
चार हजारावर असन
तं वरातीत फिरव.”

मग म्हणाला, “हुकावर किती बसते?”
मी गप्प.
त्याने शेजारच्या किराणा दुकानातून
धान्याचा काटा उचलून आणला,
यंत्राचा दांडा त्यावर टेकवला.
चाळीस किलो.
“कमी हाय. शेपूट वयवयन मांगून.
ड्रम पुढं घे, एकशेचाळीसपर्यंत आन.
लई बी नको,
नाईतं पुढची चाकं पाखरावानी हलकी होतीन.”
मी निघाले तेव्हा
तो गाडीखालूनच ओरडला,
“ओढाचं सोड, वढते कोनीबी!
उतरताना थांबवते का, ते इचारून ये!”

शेवटी घेतली ती पांढरी, साधी,
अडीच लिटर डिझेलची,
पहिला गियर बुटका,
ऐंशीच्या पुढे गेलं की आरसे थरथरतात.
दीर आठवडाभर
तिच्यात बसला नाही.

माघात हरभरा निघाला.
घाटातल्या सहाव्या वळणावर
मी मुद्दाम थांबले.
मागे यंत्र, डाल्यात पेटी, कॅन,
खाली सागाचे शेंडे.
काही सांगायच्या आत
सोमजी उडी मारून उतरला,
ट्रॅक्टरच्या दिवसांतली सवय,
मागच्या चाकाखाली लावायचा दगड
छातीशी धरून.

क्लच. पहिला.
हँडब्रेक सोडला.
मागे बोटभरही नाही.
इंजिनचा आवाज चढला नाही, जाड झाला,
जसा काकांचा व्हायचा
भांडण मिटवायला बसले की.

आरशात सोमजी दिसत होता,
दगड घेऊन चाकामागून चालताना,
शंभर पावलं तरी.
मग पळत आला,
दगड डाल्यात ठेवला.
मी म्हटलं, फेक रे, आता कशाला?
तो बसला, दार ओढलं,
म्हणाला, राहू द्या बाई.

रात्री शाळेच्या पडवीत
कंदिलाजवळ वही उघडली.
सोमजीच्या खाली, माझ्या खाडाखोडीच्या खाली
एक ओळ वाढवली:
दगड, अंदाजे अकरा.